बंबासाठी आलेला बंब

सोमवार, दिवेलागणीला

गिझर बिघडला म्हणून आज न्हाणीघरातला जुना तांब्याचा बंब पेटवला. उसाची चिपाडं ओली निघाली, घरभर धूर झाला. समोरच्या वैनींनी घाबरून फोन केला आणि दारात आगीचा लाल बंब हजर! बंबासाठी बंब. अख्खी गल्ली हसली. मीही हसले.

फायरब्रिगेडचा जवान तेवढा हसला नाही. पहिल्यांदा विचारलं, "मावशी, घरात आणि कोण हाय?"

"कोण न्हाय."

तो गाडीकडं वळून ओरडला, "आत कोण न्हाय रे!" त्याच्या माणसांचे चेहरे लगेच सैल झाले. त्यांच्या कामात ती चांगलीच बातमी. मग मला का लागावी? हे गेल्यापासून एवढ्या मोठ्यानं कुणी ते म्हटलं नव्हतं, म्हणून?

त्यानं चिपाडं ओढून विझवली, खिडक्या उघडल्या. जाताना म्हणाला, "चिपाडं वाळवून घाला. आणि परत धूर झाला तर फोन करा की, लाजू नका."

आत कोण न्हाय. रोज मी असते की.

मघाशी उरलेली ओली चिपाडं गच्चीवर वाळत घालायला उचलली. जिन्यापर्यंत गेले, आणि परत होती तिथंच आणून ठेवली.