रंभा विमानाने, मी आणि गणपती रेल्वेने

हमरापूर, ता. पेण
फाल्गुन, शिमग्याच्या आधीचा सोमवार

तीर्थरूप हौसाताईस,

धाकट्या कमळाकरचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, पण तुझ्यासाठी पुरता वाकलो असं समज.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तू गुडघ्याला तेल लावतेस की बाटली नुसती खिडकीत ठेवतेस, ते खरं खरं कळव. हरेशची शिफ्ट बदलली का? त्याला म्हणावं, मामा रागावलेला नाही, पण लेकाने पेणवरून जाताना हमरापूरला वळायला पेट्रोल फार लागत नाही.

पत्र लिहायचं कारण असं की माझ्या कोचीच्या प्रवासाबद्दल रोह्यात भलतंच बोललं जातंय. कमळाकर विमानाला घाबरला, ही बातमी आमच्याच घरातून रंभेने पसरवली आणि पुढे ती तुझ्या आळीपर्यंत आली. ताई, तू मला लहानपणापासून बघतेस. अठरा फुटी गणपतीच्या मुकुटाला सोनेरी मारताना मी बांबूच्या परांचीवर एका पायावर उभा राहिलेलो आहे. धरमतरला जेट्टीवरून हलत्या बार्जवर उडी मारणारा माणूस मी. (एकदाच मारली आणि पडलो, पण मारली.) असा माणूस घाबरेल का? मी रेल्वेने गेलो ते विचार करून गेलो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

झालं असं. आपला प्रणित कोचीच्या कंपनीत लागल्यापासून तिथल्या मराठी मंडळींत फार पुढे पुढे असतो. त्यांनी यंदा माघी गणपती बसवायचा ठरवला, आणि हा म्हणाला की मूर्ती माझा बाप देईल, शाडूचीच, आणि स्वतः घेऊन येईल. मंडळाने माझा सत्कारही ठरवून टाकला. प्रणितने आम्हा दोघांची विमानाची तिकिटं पाठवली. मी साधी चौकशी केली की मूर्ती कुठे ठेवायची. तो म्हणाला, बाबा, ती सामानात जाईल, वर काच-सामान अशी चिठ्ठी लावू. दीड फुटाची कच्ची शाडू, ताई. चिठ्ठी वाचून का कोणी बॅगा टाकतो? शिवाय माझी कोरणी आत नेता येत नाही म्हणे, हत्यार धरतात. कारागिराने हत्याराशिवाय परगावी जायचं म्हणजे काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? मी सांगितलं, मी आणि गणपती रेल्वेने येतो. पनवेलहून दोन बर्थ काढले, एक माझा, एक रंभेचा. तेव्हा रंभा शांतपणे म्हणाली, “मी नाय येत रेल्वेनी. पोरानी तिकीट धाडलंय, मी वरून जाते.” एवढं बोलून तिने पातळाला इस्त्री करायला घेतली. छत्तीस वर्षांत इस्त्री हातात असताना मी तिच्याशी वाद घातलेला नाही.

तर निघालो. गणपती खोक्यात, खोक्याला पुढून खिडकी कापलेली, भोवती पेंढा, आणि खोका रंभेच्या बर्थवर. गाडीने पनवेल सोडलं तोच तिचा फोन. विमानातून उतरून ती कोचीला पोचलीसुद्धा होती. “अवो, आपली खाडी दिसली वरून. मिठागरं कशी, पापड वाळत घातल्यावानी.” मी म्हटलं, मी ती रोज जवळून बघतो. फोन ठेवला. थोडं वाईट वाटलं हे तुला सांगायला हरकत नाही, कारण पन्नास-साठ वर्षं त्या खाडीच्या काठाला राहून मला ती कधी पापडासारखी दिसली नव्हती.

रोह्याला गाडी थांबली, हरेशने तुझ्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खिडकीतून दिली. तिथेच ते शरद मास्तर चढले, तुझ्या पुढच्या आळीतले, निवृत्त हेडमास्तर. त्यांना आरएसीची अर्धी सीट मिळाली होती. लगेच टीसी आला. त्याने यादीत बोट ठेवून वाचलं, “रंभा कमळाकर म्हात्रे, स्त्री, वय सत्तावन्न. कुठे आहेत?” मी खोक्याकडे बघितलं. त्यानेही बघितलं. आतून गणपतीने दोघांकडे बघितलं. मग मी खरं ते सांगितलं की बाई विमानाने गेल्या. टीसीने ऐकून घेतलं आणि नियमाने तो बर्थ शरद मास्तरांना दिला. मला राग येणार होता, पण मास्तर म्हणाले, “मूर्ती माझ्या मांडीवर राहू द्या. मला त्रिशूरला लेकीकडे जायचंय, तोवर सांभाळतो.” आणि खोका मांडीवर घेऊन, चपला काढून बसले.

माणूस सरळ. बोलता बोलता म्हणाले, “लेक विमानाचं तिकीट काढते म्हणते. मी तिला स्पष्ट सांगितलं, मला भीती वाटते. पोटात गोळा येतो.” असं अगदी चहात साखर किती घेतो ते सांगावं तसं सांगितलं. मग मला विचारलं, “तुमचं काय?” मी म्हटलं, मी मूर्तीमुळे. ते म्हणाले, “बरोबर आहे,” आणि खोका जरा जवळ ओढून घेतला.

चिपळूणच्या अलीकडे मास्तरांना डुलकी लागली. बोगद्यात गाडीला हिसका बसला, खोका पुढे सरकला आणि समोरच्या छोट्या टेबलाची कड कापलेल्या खिडकीतून आत गेली. बोगद्यातून उजेडात आलो तेव्हा मोदकाचा हात मनगटापासून सुटून पेंढ्यात पडला होता. मास्तरांचा चेहरा मला बघवेना. तीस-पस्तीस वर्षं पोरांना शिस्त लावलेला माणूस, त्याचे डोळे भरून आले. उद्या चतुर्थी, पुढे सत्कार, आणि आमच्या मांडीवर भंगलेली मूर्ती. पोटात गोळा तेव्हा माझ्याही आला. पण ताई, मी पिशवी पुढे ओढली. मी म्हटलं, “मास्तर, अजून प्रतिष्ठा व्हायचीय. आत्ता ही माती आहे, आणि मातीचं काम मला येतं.”

पिशवीतल्या डब्यात ओली शाडू होती (मी नेहमी नेतो, रंभा हसते), कोरणी होती, रंग-ब्रश होते. कापूस नव्हता. समोर केरळची एक नर्स होती, तिने पर्स उघडून कापूस दिला, आणि घसा बघायची लाकडी पट्टीही दिली. पट्टी चिरून काडी केली, मनगटात बसवली, कापूस मळलेल्या शाडूने हात जोडला, वरून तिने बँडेज गुंडाळून दिलं, अगदी दवाखान्यात देतात तसं. आता वाळेपर्यंत हात हलायला नको. मास्तर म्हणाले, “मी धरतो.” आणि ताई, त्या माणसाने चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत गणपतीचा हात धरला. चहा नाही, भाकरी नाही. मी तुझ्या भाकरीचा तुकडा चटणी लावून त्यांच्या तोंडात घातला, तेवढंच. डब्यातली माणसं बघायला येत होती, कोणी हळूच विचारत होतं, काय झालंय? नर्स मोडक्या हिंदीत सांगायची, फ्रॅक्चर.

सकाळी रंग. हलत्या गाडीत ब्रश चालत नाही, म्हणून गाडी स्टेशनात थांबली की तेवढाच हात चालवायचा. कण्णूरला कडं रंगवलं, कोझिकोडला नखं, शोरनूरला मोदकाच्या पाकळ्या. शोरनूरला गाडी जास्त थांबली ती सिग्नलमुळे, पण नर्सचं म्हणणं, गणपतीने थांबवली. त्रिशूरला मास्तर उतरले, लेकीला खिडकीपाशी आणून त्यांनी तो हात दाखवला. मला म्हणाले, “वर्गात एवढा वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो.”

कोचीत मूर्ती बसली, आरती झाली, मला शाल मिळाली. एका बाईंनी हातावरच्या आखणीची मुद्दाम तारीफ केली, मी मान डोलावली. सगळे गेल्यावर रंभा पुढे झाली, वाकून बघितलं आणि नेमकं जोडावर बोट ठेवलं. “हितं गेला व्हता ना?” तिच्यापासून लपत नाही, माझ्या प्रत्येक मूर्तीला रंगाचा पहिला हात तीच मारते. मग म्हणाली, “ऱ्हाईल आता. चांगला बसवलात.” ताई, शाल एकीकडे आणि हे एकीकडे. आता तूच सांग आळीत सगळ्यांना, विमानाने हे झालं असतं का?

गुडघा जपून वाग, सुनेला आशीर्वाद.

तुझा,
कमळाकर

ता. क. : मुख्य राहिलंच. प्रणितच्या मनस्वीला चैत्रात दिवस भरतात. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, म्हणून बारसं कोचीलाच. प्रणितला बहीण नाही, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायला तूच हवीस. प्रणित आपल्या तिघांची विमानाची तिकिटं काढतोय, आणि या खेपेला माझ्याबरोबर मूर्ती नाही. तर तू त्याला फोन करून सांग की तुला विमानात चक्कर येते. म्हणजे तुला एकटीला रेल्वेने कसं धाडायचं म्हणून भावाला सोबत जावंच लागेल. तू महिला मंडळाबरोबर अंदमानला विमानाने जाऊन आलीस हे मला ठाऊक आहे, पण प्रणितच्या लक्षात नसेल.

ता. क. दुसरा, गुरुवार : पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. वरचं फोन करायचं सोडून दे. आज सकाळी मनस्वीला मुलगी झाली, तीन आठवडे आधीच. दोघी सुखरूप आहेत, वजन थोडं कमी आहे, पण रडते खणखणीत. शिमग्यामुळे रेल्वेची वेटिंग लिस्ट संपता संपत नाही. प्रणितने बारशाच्या आदल्या दिवशीची विमानाची तिकिटं काढली, मला विचारलं, बाबा, चालेल ना? मी म्हटलं, चालेल. माझी सीट तुझ्या शेजारी आली आहे. टेम्पोवाला नितेश उद्या रोह्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो आणि उत्तरही त्याच्याच हाती पाठव. फोन करू नको, रंभा समोरच टोपरं विणत बसली आहे. एवढंच कळव, विमान वर चढताना आपण डोळे मिटून घेतले, तर पलीकडच्या बाजूला बसलेल्या बायकोला ते दिसतं का?