निळी रिंग माझ्याकडे आहे

दादा,

पेट्रोलचा पाइप सोडवायची निळी रिंग शोधत बसू नकोस, ती माझ्या पर्समध्ये आहे. बरोबर मापाची रिंग आत सरकवली की पाइप दोन बोटांनी निघतो, हे तुला किती वेळा सांगितलं! तरी डॉक्टरीणबाईंच्या गाडीला तू पक्कड लावलीस, जोड तोडलास आणि खापर माझ्यावर फोडलंस. बाबांनी मला गॅरेजमधून काढलं, तेव्हाही मूग गिळून बसलास.

आज त्याच कामाला तुझ्या सासरेबुवांची गाडी दारात उभी आहे. तुझी लाडकी पक्कडही नेतेय, नाहीतर गॅरेज पेटवशील.

खरं काय ते सासऱ्यांच्या देखत बाबांना सांग, मग येते. आणि फोन बाबांनी करायचा. तुझा मी उचलणार नाही.

धाकटी