निरशा दुधाचा पेला

१२ जानेवारी १९८६, रविवार

ही वही दसऱ्याला घोटीच्या बाजारात घेतली आणि लिहायला आज बसलोय. मधल्या काळात दोन नोकऱ्या सुटल्या आणि वहीच्या मागच्या पानांवर पत्त्यांचे डाव मांडले गेले. लिहायचं म्हटलं की मला नेमकं दुसरंच काहीतरी दिसतं. नववीत मास्तर म्हणायचे, पुंजा, तुझी मान खिडकीला शिवून टाकलीय का रे?

तर आता मी देवळाली कॅम्पच्या पुढे, कोंडाजीतात्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आहे. सातपूरला कारखान्यात होतो. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर. ते काही जमलं नाही. इथे भोंगा नाही, तोफा आहेत! लष्कराचा सराव चालतो. पहिला बार झाला तेव्हा मी गवतात आडवा पडलो. शेळ्या रवंथ करत राहिल्या. तात्या पोट धरून हसले. म्हणाले, त्यांना सवय हाय, तुला बी होईल.

खोलीला खिडकी आहे. मजा आहे.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. सरूमावशींनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, मला तीन पोळ्या वाढल्या. त्यांची सून लंका गरोदर आहे, सातवा लागलाय. तिला रोज सकाळी चंद्री नावाच्या शेळीचं निरसं दूध देतात. धार काढली की फेसासकट, कोमट असतानाच. उकळलं की दुधातला जीव जातो, असं मावशी म्हणतात. पेला नेऊन द्यायचं काम माझं. लंका नाक दाबून पिते आणि मला म्हणते, भाऊ, एक दिवस तुम्हीच प्या ना माझ्या वाटचं. मी तर रोज धारेखाली तोंडच धरतो.

हे पाहून नवसाआक्काची आठवण आली. आईबाप गेल्यापासून तिला माहेर म्हणजे मीच. तिची दोन बाळं पोटातच गेली आणि आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेत. तिच्या सासरी, पेठकडच्या डोंगरात, दूध कुठलं? मावशींना विचारलं तर म्हणाल्या, बोलव की, माझी लेकच समज. लगेच कार्ड टाकलं : बाळंतपणाला ये, इथे चंद्रीचं दूध आहे, सोन्यासारखं पोर होईल. आक्काला वाचता येत नाही, त्यांच्या गावचे मास्तर वाचून दाखवतील. सासरचे काही तिला पाठवायचे नाहीत. पण कार्ड त्याच दिवशी टाकलं, हे लिहून ठेवतो. माझ्या हातून असं होत नाही.

१९ जानेवारी

एक भानगड झाली. गोठ्यामागे मुरघासाचा खड्डा आहे. ओला मका कापून दाबून भरलेला, वर प्लॅस्टिक, त्यावर चिखलाचा लेप. आत हवापाणी जाता कामा नये. रोजचा चारा काढला की तोंड लिंपून टाकायचं, हे तात्यांनी मला दहा वेळा बजावलंय. आज मक्याला पाटाचं पाणी लावलं होतं. तेवढ्यात रस्त्याने पलटणीचा बँड चालला, चकचकीत पितळेचा, आणि मी त्याच्यामागे पार बाजारापर्यंत गेलो. परत येतो तर पाणी वाफ्याचा बांध फोडून उघड्या खड्ड्यात शिरलेलं.

उपसलं. वरचा चिखलाने काळा झालेला चारा खालच्यात कालवला. लेप नीट बसवला. तात्यांना काही बोललो नाही.

३१ जानेवारी

मुरघासाला आता आंबूस वास नाही, कुजकट येतो. शेळ्या खातात.

चंद्री फिरायला लागलीय. डावीकडे, एकाच गोल रिंगणात, सकाळपासून. मातीत वाट पडलीय. तिचा एक कान लोंबतोय. त्याच बाजूचा डोळा मिटत नाही, तोंडातून लाळ गळते, गालात चारा तसाच साठलाय, गिळतच नाही. आधी मला हसू आलं. घाण्याचा बैल झालीस का, म्हणालो. मग तिने माझ्याकडे पाहिलं, त्या एका डोळ्याने, आणि थांबली नाही.

दोन शेळ्यांनी गाभ टाकला. तात्या म्हणतात, तोफांनी दचकल्या. तोफांची तर सवय होती ना?

५ फेब्रुवारी

चंद्री परवा मेली. आज गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पहिलं विचारलं, मुरघासात पाणी गेलं होतं का? तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, हा रोग सडक्या चाऱ्यातून येतो, दुधात उतरतो, माणसालाही धरतो. पोटात राहत नाही, मेंदूत चढतो. आणि गरोदर बाईच्या बाळापर्यंत जातो. खड्डा बुजवा, दूध खळखळून उकळा. ते गेल्यावर मावशी म्हणाल्या, शेळ्यांचा डाक्टर, बायांना शिकवतोय! खड्डाही बुजवला नाही. एवढा चारा कोण टाकून देतं?

बाजारात जाऊन आक्कासाठी दुसरं कार्ड घेतलं : येऊ नकोस. एवढंच लिहायचं होतं. मैदानावर जवानांची कुस्ती लागली होती. कार्ड खिशात आहे. उद्या लिहितो.

६ फेब्रुवारी

सकाळी पेला नेला. आता दुसऱ्या शेळीचा. वाटेत ओतून द्यावा असं मनात आलं. मावशी ओट्यावरून बघत होत्या. लंका म्हणाली, भाऊ, आज थांबलात का? मी पेला दिला.

१२ फेब्रुवारी

लंकाला चार दिवस ताप होता. आज पहाटे मोकळी झाली. मुलगी. रडली नाही. सुईण म्हणाली, अंगभर पांढुरके दाणे होते, भगर सांडावी तसे. मावशींनी तिला फडक्यात गुंडाळलं आणि तोफांना शिव्या घातल्या. मग लंकाला बोलल्या, पेले चुकवलेस, म्हणून पोर कच्चं राहिलं.

लंका माझ्याकडे बघत होती. मी चारा काढायला गेलो.

१७ फेब्रुवारी

ताप. डोकं मागून कुणी ठोकतंय. मान वळत नाही, खिडकीकडेही.

कार्ड अजून कोरं आहे. उठलो की —

२० फेब्रुवारी

पाणी नाकातून बाहेर येतं. भाकरी गालात साठून राहते, उजव्या. बोटाने काढतो. उजवा डोळा मिटत नाही. दोन दोन कोंडाजीतात्या दिसतात.

टपालपेटीकडे निघालो. सरळ चाललो होतो, सरळच — आणि पुन्हा गोठ्यापाशी. पुन्हा निघालो. पुन्हा गोठा. पायाखाली पाहिलं. चंद्रीची वाट.

२२ फेब्रुवारी

आवाज गेला. आ— एवढंच निघतं. तात्या म्हणाले, सोमवारी पोरगा गाडी घेऊन येतो, मग दवाखाना. तोवर खाट गोठ्याच्या दारात.

कार्डावर लिहिलं. येऊ नकोस. तात्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, पत्ता लागत नाय रे, काय गिरवलंस हे? घडी करून टोपीत ठेवलं.

२३ फेब्रुवारी

आक्का आलीय —

फाटकात उभी. बोचकं. पोट केवढं. सासऱ्यांनीच बसमध्ये बसवून दिली म्हणते, मास्तरांनी कार्ड वाचलं, दुधाचं. माझं तोंड पाहून रडली. मग मावशींनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, भावाचं राहू दे, तू आधी टेक, दमून आलीस —

मावशी धार काढतायत. आवाज येतोय, पेल्यात.

ओरडतोय. आ. आ. आक्का म्हणते, हो रे, आले ना मी —

वहीत लिहिलं, पानभर, नको. नको पिऊ. वही वर धरली. तिने बघितलं. अक्षरांवरून हात फिरवला. हसली. म्हणते, मावशी, एवढ्या तापातबी लिहितोय बघा, माझा भाऊ लय शिकलेला —

मावशी आल्या. फेस आहे वर. आक्काने नाक दाबलं आणि पेला —