बोगद्याच्या खर्चातली ओळ

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण शेवटपर्यंत वाच.

माझं काम तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. सरकारने वर्षभरात जे घेतलं आणि जे दिलं, ते कशापोटी हे पाहून मी रकान्यांत लावते. कर, शुल्क, पगार, खरेदी, व्याज, बांधकाम, मदत. शाळेतल्या खडूपासून धरणापर्यंत. सातव्या मजल्यावर, गळक्या नळाशेजारी बसून मी अख्खा देश चाळते रे. नऊ वर्षं झाली, अजून मती गुंग होते. कुणा अनोळखी बाईचं बाळंतपण, कुठल्याशा गल्लीतला दिवा, सगळं लाखो लोकांनी थोडं थोडं दिलेल्यातून. साहेब चिडवतात, "बाई, तुम्ही आकडे बघता की देव?"

सध्या जुन्या वर्षांचे हिशेब नव्या नियमांनी पुन्हा लावतोय. बाबा ज्यात गेले त्या बोगद्याचा खर्च मंगळवारी समोर आला. सिमेंट, लोखंड, सुरुंग, आणि खाली "मृत कामगारांची कुटुंबे". बिल बोगद्याच्या नावाने आलेलं, म्हणून कुणीतरी तेही बांधकामातच घातलं होतं. भरपाई मिळाली तेव्हा तू म्हणाला होतास, "त्यांनी बाबांची किंमत केली आणि आईने सही करून ती घेतली."

मी नियम काढला. बदल्यात काही मिळालं तर ती खरेदी. बदल्यात काहीच घ्यायचं नसतं, ते देणं वेगळं. साहेब म्हणाले, "एवढ्याशा रकमेने एकूण आकडा हलणारसुद्धा नाही."

"साहेब, त्यात माझे वडील आहेत."

ते उठून उभे राहिले. ओळ मदतीच्या रकान्यात गेली. देशाच्या हिशेबात आता स्पष्ट आहे, बाबांना कुणी विकलं नाही आणि कुणी विकत घेतलं नाही.

आता चौदा वर्षं गिळून बसलेय ते सांगते. सही आईची नव्हती. तिने भरपाईचा कागद बाजूला सारला होता. माझ्या कॉलेजच्या फीसाठी तिची सही मी केली. तू तिला नको नको ते बोललास, आणि ती मला पाठीशी घालून गप्प राहिली. मी भित्री, मीही राहिले.

रागवायचं तर माझ्यावर रागव, हवं तर तोंड पाहू नकोस. आईला मात्र फोन कर. ती स्वतःची बाजू कधीच मांडणार नाही.

या वेळी स्वतःचीच सही करणारी,
तुझी बारकी