वर्षाला एक पृथ्वी

४ ऑगस्ट
आकडा निघाला! म्हातारा होऊन फुगलेला, लाल पडलेला माझा तारा वर्षाला एका पृथ्वीच्या वजनाइतका वायू आणि धूळ बाहेर टाकतो. परदेशातल्या रेडिओ दुर्बिणीची सगळ्यांना खुली असलेली निरीक्षणं, जुना लॅपटॉप आणि घाटनांदूरची येणारी-जाणारी वीज — तीन वर्षं गेली. प्राचार्य सोमेश्वर सरांना सांगितलं. म्हणाले, लेख पाठवण्याआधी अध्यक्षांच्या कानावर घालू. नको म्हणायला हवं होतं.

७ ऑगस्ट
संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव आप्पांनी बोलावलं. बसायला खुर्ची दिली. सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय, त्यांच्यासमोर खुर्ची पहिल्यांदाच. तारा आपल्या तालुक्यातून दिसतो का, विचारलं. मग म्हणाले, "लेखावर आमचं नाव लागलं पायजे. पयलं."
काम मी केलंय, म्हटलं. ते नुसते हसले. बाहेर आल्यावर सरांनी समजावलं — कायम करायच्या यादीत तुमचं नाव आहे, कशाला मोडता घालता?
नाव लावलं. लेख संशोधन मासिकाकडे गेला. लाज वाटतेय, म्हणून फक्त इथे लिहिते.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर सत्कार. आप्पांचा. फ्लेक्सवर आप्पा, मागे शनी (माझा तारा शनी नाही), कोपऱ्यात तिकिटाएवढी मी. मजकूर — 'ताऱ्याची झीज रोखणारे शिक्षणमहर्षी'. भाषणात म्हणाले, शासनानं साथ दिली तर झीज पाच वर्षांत पूर्ण बंद करू. टाळ्या. मीही वाजवल्या.

२१ ऑगस्ट
प्रयोगशाळेतले शहादेव काका टेबल पुसता पुसता म्हणाले, "मॅडम, तारा किती लांब हाय, हे कुनी मोजलं?"
जुन्या यादीतून घेतलं, म्हटलं.
"यादीचं काय सांगता. मतदार यादीत मी बाई हाय."
मी हसले. पण दुपारभर तेच डोक्यात.

२२ ऑगस्ट
अंतराची नवी मोजणी शोधली. तारा मी धरला होता त्यापेक्षा बराच जवळ आहे. अंतर पावणेदोनपट जास्त धरलं, हिशेबात त्याचा वर्ग झाला, आकडा तिप्पट फुगला. पृथ्वीएवढा माल बाहेर पडायला एक नाही, तीन वर्षं लागतात.

२५ ऑगस्ट
आप्पांना सांगितलं. "कावून उकरताय? तिथं कोन जानार हाय मोजायला?" मी म्हटलं, मासिकाला चूक कळवणारच. आणि चूक लेखावरच्या सगळ्यांची धरतात, पहिल्या नावाची आधी.
आप्पांनी तिथल्या तिथे क्लार्कला बोलावलं. लेटरहेड, शिक्का, सही — 'सदर संशोधन श्रीमती ज्योत्स्ना वाघमारे यांनी सर्वस्वी स्वतंत्रपणे केले असून अध्यक्षांचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही.'
दुरुस्ती पाठवली, लेखावरून आप्पांचं नाव काढलं. कायमच्या यादीतून माझं नाव उडालं. सरांनी नजर चुकवली.

३ सप्टेंबर
फ्लेक्स अजून तसाच.

१२ नोव्हेंबर
विद्यापीठात मुलाखत. लेख छापून आलाय, त्यांनी वाचला होता. स्वतंत्र संशोधनाचा संस्थेकडून दाखला आहे का, विचारलं. आप्पांचं पत्र पुढे केलं. एक तारखेला रुजू व्हायचंय.