दाढदुखीच्या गोळ्या

प्रिय दादा,

नमस्कार नंतर करते, आधी भांडते.

दाढेसाठी एक गोळी, तापासाठी दुसरी, सर्दीसाठी तिसरी, आणि तिन्हींत औषध एकच! चण्याफुटाण्यासारख्या खाल्ल्यास. डोळे पिवळे पडेपर्यंत वहिनीला काही सांगितलं नाहीस. दाताच्या डॉक्टरची भीती वाटते, मरणाची नाही वाटत?

मी इथे प्रयोगशाळेत काय करते, माहीत आहे ना? याच औषधाने उंदरांचं यकृत बिघडवायचं आणि मग त्यातल्या पेशींचं मरण थांबवणारं नवं औषध देऊन बघायचं. आमचे उंदीर वाचतात. म्हणून वहिनीचा फोन आल्या आल्या सरांच्या खोलीत घुसले. म्हटलं, "आपलं औषध माझ्या भावाला पाठवू द्या."

सर म्हणाले, "माणसाला ते अजून दिलेलंच नाही. त्यानंच काही झालं तर?"

मी दार आपटून बाहेर आले. त्यांचं बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आला. उमेदीची सगळी वर्षं यकृताच्या अभ्यासात घालवली, आणि सख्ख्या भावाला माझा काडीचा उपयोग नाही!

तिथल्या डॉक्टरांनी उतारा दिला म्हणून थोडक्यात वाचलास. वहिनी म्हणते, रिपोर्ट सुधारलेत, काल तू चहा मागितलास. जेवण जातं का? झोप लागते का? खरं कळव.

आईला सांगायचं नाही, अशी वहिनीला शपथ घातलीस म्हणे. मला नाही घातलीस. हे पत्र पोचेल तेव्हा आई तुझ्या उशाशी बसलेली असेल. तिला मोठ्याने वाचून दाखव.

अजून रागातच असलेली,
तुझी धाकटी