दोरी धरणारीनं फिरायचं असतं

मामंजी, तुमच्यासमोर मी कवा तोंड वर करून बोलले न्हाई, तवा आज कागदावर बोलते. रागावू नका, आणि रागावलात तरी मला कुठं ऐकू येणार हाय! दोन इयत्ता शिकलेली मी, पेन्सिल नातीची, अक्षरं बेडकासारखी उड्या मारतील, सांभाळून घ्या. पण गोष्ट लय आनंदाची हाय. तुमचा नातू पलटणीतनं रिटायर होऊन आला आणि सांगलीत घर बांधतोय.

तुमचा लेक गेल्यापासनं मी इथं माणदेशात गावाकडं एकटीच हाय. दोन शेळ्या, एक कोंबडी, ती बी अंडी शेजारणीकडं घालणारी. संध्याकाळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं म्हणजे हात कुणाला तरी विसरल्यासारखा वाटतो. म्हणून मी दोन थापते, दुसरी सकाळी शेळीला. नातू दर रविवारी दुकानातल्या फोनवर विचारतो, "आई, राहायला येतीस न्हवं?" (तुमचा नातू म्हणजे माझा लेकच की, लिहिताना घोटाळा होतो.) मी म्हणते, बघू. बघू म्हणजे भ्या वाटतं. शहरातल्या घरात म्हातारीला कोपरा देतात, कॉट देतात, औषधाचा डबा देतात, आणि मग सगळी आपापल्या वाटेनं तिच्यापुढनं जातात. एकटंच राहायचं तर इथं निदान शेळी वळून बघती.

मग गेल्या महिन्यात तो मला जागा दाखवायला घेऊन गेला. नातीनं नकाशा पसरला. सगळे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक पाव गोल. मी म्हटलं, "ह्यो भाकरीचा चतकोर कशाला काढलाय गं?" ती हसून लोळायला लागली. "आज्जी, ते दार हाय! दार उघडताना अस्सं फिरतं न्हवं?" आन् मामंजी, तिचं बोट कागदावर गोल फिरलं आणि मला तुमची विहीर आठवली.

नवी नवरी होते मी. तुमचा लेक मुंबईला गिरणीत, गावातली बाकीची माणसं बी तिकडंच. विहिरीचा गोल आखायचा आणि मुरमात खुंटी काय रुतेना. सासूबाईंचा गुडघा दुखत होता, त्या धोंड्यावर बसलेल्या. तुम्ही भिंतीकडं बघून म्हणालात, "मधी कुणीतरी दोरी धरा." कुणीतरी म्हणजे मीच. सासऱ्याकडं तोंड करून उभं राहायचं कसं? मी पदर नाकापर्यंत ओढला, मूठ कमरेशी धरली आणि खांबासारखी उभी राहिले. तुम्ही दोरी ताणून खाली बघत चाललाय, राखेची रेघ मारताय, आणि दोरी माझ्याभोवती गुंडाळतीया. पोटावरनं, पाठीवरनं. बोलायची सोय न्हाई. फेरा पुरा झाला तर रेघेचा शेवट आरंभाच्या आत दीड हात! तुम्ही चक्रावून रेघ बघताय, तवर सासूबाई ओरडल्या, "आगं बया! आवं, सून हाय का भोवरा? दोरीची जाळी गुंडाळलीय, आता सोडताय का काय!"

तुम्ही वर बघितलंत. हसलात की ओ, खाली बसून हसलात. सासूबाई गुडघा धरून उठायच्या आत तुम्ही दोरी उचललीत आणि सगळा गोल उलटा चाललात, माझ्या अंगाला बोट न लावता मला मोकळी केलीत. मग म्हणालात, "सूनबाई, दोरी धरणारीनं फिरायचं असतं. माझ्याकडं तोंड कर. खड्ड्याला सासरा-सून कळत न्हाई." तवा मी तुमचं तोंड पहिल्यांदा बघितलं. देवीचे वण, आणि डोळे एवढे हसरे!

त्या दिसापासनं तुम्ही मला सांगायला लागला. विहीर गोल, कारण चौकोनी विहिरीच्या भिंतीला मातीच्या रेट्यानं पोट सुटतं. गोलात दगड दगडाला धरतो. छपराला कैची, कारण चौकट तिरकी होती, तीन लाकडांचा तिकोन मोडेल पण हलणार न्हाई. मी विचारलं, मग घर चौकोनी का? तर म्हणालात, "रुसल्यावर बसायला कोपरा नको का?" रुसायची बी सोय बघणारा सासरा कुणाला मिळतो?

तर सांगलीत अंगणात पाण्याचा गोल हौद व्हायचाय. गवंड्याजवळ लोखंडी खुंटी होती, पण मी म्हटलं, दे रं बाबा इकडं, ह्यो धंदा माझा हाय. मधी उभी राहिले. नातीनं दुसरं टोक घेतलं आणि पळत सुटली. गोल, आणखी गोल. लेक ओरडला, "आई, फिर की! गुंडाळली जाशील!" सून हातातला चहा ठेवून धावली. दोरी माझ्या दंडावर आली, पोटावर आली. मग तिघं मिळून मला सोडवायला लागली. नात हसत हसत दोन्ही हातांनी मिठी मारून दोरी पाठीमागनं ओढत होती, सून खांदा धरून "आत्या, सावकाश" म्हणत होती. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं.

तिथंच लेकाला म्हटलं, येते राहायला. तो समजतोय, माझ्या खोलीला उगवतीची खिडकी हाय म्हणून कबूल झाले. समजू दे.

हा कागद कुठं पाठवणार, शेळी खाईल न्हाईतर डब्यात राहील. तुम्हालाच तेवढं सांगते, मामंजी. फिरायचं मला ठाऊक होतं. मी मुद्दाम फिरले न्हाई.